स्वाक्षरी कोणाची? : महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

प्रस्तावना

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या घटनेवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. पंडित नेहरू, यशवंतराव चव्हाण आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते यांच्या भूमिकांची चिकित्सा अनेकांनी अनेक अंगांनी केली आहे. नव्या राज्याचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश यांचा उल्लेख मात्र या लेखनात बहुधा एका वाक्यात आटोपतो. समारंभाच्या छायाचित्रात उपस्थित आणि इतिहासाच्या पानांत अनुपस्थित अशी त्यांची स्थिती आहे. राज्यपाल हा केवळ नामधारी प्रमुख असतो हे पाठ्यपुस्तकी गृहीतक या उपेक्षेमागे असावे. स्वतः श्रीप्रकाश यांचीही अशीच तक्रार होती. दाखवून दिलेल्या रेघेवर सही करण्यापलीकडे राज्यपालाला काम नसते, या आशयाचे त्यांचे मत राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केले आहे.

परंतु ज्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या, किंवा ज्यांवर सह्या होत असताना ते पदावर होते, ते कागद पाहिले म्हणजे ही तक्रार स्वीकारणे कठीण जाते. १९४९ मध्ये मणिपूरचे विलीनीकरण, १९५२ मध्ये मद्रासमध्ये अल्पमतातील पक्षाच्या नेत्याला सरकार बनविण्याचे निमंत्रण आणि १९६० मध्ये नानावटी खटल्यातील शिक्षेला दिलेली तहकुबी या तिन्ही प्रसंगी राज्यपाल श्रीप्रकाश होते. तिन्ही प्रसंगांवरील वाद अद्याप संपलेले नाहीत. ज्याला काहीच काम नव्हते त्याच्याच कार्यकाळात हे सर्व कसे घडले, आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

काशीचा वारसा

श्रीप्रकाश यांचा जन्म ३ ऑगस्ट १८९० रोजी वाराणसी येथे झाला. त्यांचे वडील डॉ. भगवानदास हे तत्त्वज्ञ, थिऑसॉफिकल चळवळीतील अग्रणी आणि काशी विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. घरात संस्कृत विद्या आणि इंग्रजी शिक्षण दोन्ही नांदत होती. ॲनी बेझंट यांचा या कुटुंबाशी निकटचा संबंध होता आणि श्रीप्रकाश यांनी पुढे बेझंटबाईंवर एक पुस्तकही लिहिले. सेंट्रल हिंदू कॉलेजातील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले व बॅरिस्टर होऊन परतले.

वकिलीत मात्र ते रमले नाहीत. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्त यांनी वाराणसीत ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले. त्याच्या आरंभकाळातील संपादनात श्रीप्रकाश यांचा सहभाग होता. मराठी वाचकाला हे सांगितले पाहिजे की याच दैनिकाची धुरा पुढे दीर्घकाळ बाबूराव विष्णू पराडकर या काशीतील मराठी घराण्यातील संपादकाने वाहिली. असहकार चळवळीपासून श्रीप्रकाश काँग्रेसच्या कार्यात ओढले गेले, त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९३४ च्या निवडणुकीनंतर ते केंद्रीय विधिमंडळात गेले. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ हेही त्याच निवडणुकीत निवडून आले होते. पुढे १९५८ ते १९६२ या काळात हे दोघे एकाच वेळी राज्यपाल होते. काशीचे श्रीप्रकाश मुंबईत, तर पुण्याचे गाडगीळ चंदीगडमध्ये. राज्यपाल शक्यतो परप्रांतीय असावा हा संकेत त्या दशकात कसा रूढ झाला याचे हे बोलके उदाहरण होय.

नेहरूंशी त्यांचा जुना स्नेह होता. ते संविधान सभेचे सदस्यही होते. पुढील पंधरा वर्षांतील त्यांच्या सर्व नियुक्त्यांमागे हा विश्वास उभा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते निवडून आलेले लोकनेते नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या पाठीशी स्वतःचा असा प्रांतिक गट नव्हता. अशा व्यक्ती दिल्लीला दूरच्या कामांसाठी सोयीच्या वाटतात.

कराची

ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून श्रीप्रकाश कराचीला गेले. हे पद राज्यपालाचे नसले तरी त्यांच्या पुढील कारकिर्दीच्या आकलनासाठी महत्त्वाचे आहे. नवा देश उभा राहत होता आणि शतकानुशतके सिंधमध्ये राहिलेला हिंदू समाज उखडला जात होता. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यानंतर निर्वासितांचा ओघ वाढला. त्यांतील असंख्य लोक बोटींनी मुंबईला आले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली. आजचे उल्हासनगर त्यातूनच वसले.

या काळावर श्रीप्रकाश यांनी १९६५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक आठवण मुंबईशी निगडित आहे. मलबार हिलवरील जीना यांचे घर ताब्यात घेण्याचा विचार भारत सरकार करीत असल्याचे श्रीप्रकाश यांनी त्यांना सांगितले, तेव्हा जीना व्याकूळ झाले आणि ते घर आपण किती हौसेने बांधले आहे हे जवाहरलालना कळवावे अशी विनंती त्यांनी केली. आठ-नऊ वर्षांनी श्रीप्रकाश त्याच मलबार हिलच्या टोकाशी असलेल्या राजभवनात राहावयास आले. प्रस्तुत लेखकाच्या मते या आठवणीचे महत्त्व भावनिक तपशिलापुरते नाही. येथे श्रीप्रकाश यांची जी भूमिका दिसते तीच पुढेही दिसत राहते. निर्णय दुसरीकडे झालेला असतो, ते तो सौजन्याने पोहोचवितात आणि समोरच्याचे दुःखही नोंदवून ठेवतात.

शिलाँग, सप्टेंबर १९४९

आसामचे राज्यपाल सर अकबर हैदरी यांचे डिसेंबर १९४८ मध्ये आकस्मिक निधन झाले. त्यांच्या जागी फेब्रुवारी १९४९ मध्ये श्रीप्रकाश यांची नियुक्ती झाली. आसामच्या राज्यपालाकडे प्रांताखेरीज आदिवासी क्षेत्रांची आणि सरहद्दीवरील संस्थानांशी असलेल्या संबंधांची जबाबदारी होती. त्यामुळे येथील राज्यपाल इतर प्रांतांतील राज्यपालांहून अधिक प्रमाणात केंद्राचा प्रतिनिधी होता.

मणिपूरची परिस्थिती अन्य संस्थानांपेक्षा वेगळी होती. १९४७ मध्ये तेथे संस्थानाचे स्वतंत्र संविधान तयार झाले होते आणि १९४८ मध्ये प्रौढ मताधिकारावर विधिमंडळाची निवडणूकही झाली होती. महाराज बोधचंद्र सिंह सप्टेंबर १९४९ मध्ये शिलाँगला राज्यपालांच्या भेटीस आले असता त्यांच्यापुढे विलीनीकरणाचा करार ठेवण्यात आला. आपल्या मंत्रिमंडळाशी व लोकप्रतिनिधींशी विचारविनिमय केल्याखेरीज सही करता येणार नाही, ही महाराजांची भूमिका होती. त्यांना परत जाऊ देण्यात आले नाही, त्यांच्या निवासस्थानाभोवती लष्करी पहारा होता, असे मणिपुरी लेखनात सातत्याने सांगितले जाते. २१ सप्टेंबर रोजी करारावर सही झाली आणि १५ ऑक्टोबर १९४९ पासून विलीनीकरण अमलात आले. निवडून आलेल्या विधिमंडळाची संमती घेतली गेली नाही.

या घटनेच्या पूर्वतयारीबद्दल राज्यपालांचे सल्लागार नरी रुस्तमजी यांनी ‘एन्चांटेड फ्रंटिअर्स’ या आत्मपर ग्रंथात लिहिले आहे. त्यांच्या कथनानुसार महाराज विलीनीकरणास राजी नाहीत अशी शंका आल्यावर ते आणि श्रीप्रकाश सरदार पटेलांचा सल्ला घेण्यासाठी मुंबईला आले. पटेल आजारी होते. भेट काही मिनिटांत संपली. शिलाँगमध्ये ब्रिगेडियर नाही काय, एवढेच पटेलांनी विचारले. अर्थ स्पष्ट होता. रुस्तमजींचे कथन त्यांच्या स्मरणावर आधारलेले असल्याने ते तारतम्याने वाचावे लागेल. तथापि ते त्या व्यवहारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या अधिकाऱ्याचे आहे आणि स्वतःची बाजू सावरण्यासाठी लिहिल्यासारखे वाटत नाही.

विलीनीकरण आवश्यक होते की नाही हा येथे प्रश्न नाही. ब्रह्मदेशातील अस्थिरता आणि सरहद्दीचे स्थान लक्षात घेता दिल्लीची चिंता समजण्याजोगी होती. प्रश्न पद्धतीचा आहे. महाराजांनी जो मुद्दा मांडला तो प्रातिनिधिक संमतीचा होता. तो ऐकून घेणारा राज्यपाल आयुष्यभर त्याच तत्त्वासाठी तुरुंगात गेलेला होता. त्याने मुद्दा ऐकला, दिल्लीकडे पोहोचविला आणि आलेली आज्ञा अमलात आणली. पुढील दशकांत मणिपूरमधील फुटीरतावादी राजकारणाने आपल्या युक्तिवादाचा पाया याच कराराच्या वैधतेवर उभारला, हे विसरता येत नाही.

मद्रास, एप्रिल १९५२

मे १९५० मध्ये श्रीप्रकाश केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. वाणिज्य आणि त्यानंतर नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन ही खाती त्यांनी सांभाळली. या दोन वर्षांविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. १२ मार्च १९५२ रोजी त्यांनी मद्रासच्या राज्यपालपदाची सूत्रे घेतली, तेव्हा पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल लागलेले होते आणि एका अभूतपूर्व पेचाने राजभवनाचे दार ठोठावले होते.

मद्रास विधानसभेच्या ३७५ जागांपैकी काँग्रेसला १५२ जागा मिळाल्या. कम्युनिस्ट पक्षाने ६२ जागा जिंकल्या. किसान मजदूर प्रजा पक्षाला ३५ जागा होत्या. टी. प्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली बिगर-काँग्रेस पक्षांनी संयुक्त लोकशाही आघाडी उभी केली आणि १६६ सदस्यांच्या पाठिंब्याचा दावा केला. बहुमताचा आकडा १८८ होता. तो कोणाकडेच नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करील एवढेच म्हटले आहे. कोणाला आधी बोलवावे याबद्दल संविधान मौन पाळते. संविधान सभेने प्रथम राज्यपाल निवडून यावा असे ठरविले होते. मे १९४९ मध्ये तो विचार बदलून नियुक्त राज्यपालाची योजना स्वीकारली गेली. राज्यपालाला स्वतःच्या म्हणून काही स्वतंत्र शक्ती नाहीत, फक्त कर्तव्ये आहेत, अशा आशयाचे स्पष्टीकरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या चर्चेत दिले होते. मद्रासमध्ये कर्तव्य कोणते हेच ठरवायचे होते, आणि भारतात त्यासाठी पूर्वोदाहरण नव्हते.

काँग्रेसने वयाची सत्तरी ओलांडलेल्या, गव्हर्नर जनरलपद भूषविलेल्या राजाजींना नेतृत्वासाठी पाचारण केले. ते विधानसभेचे सदस्य नव्हते; त्यांनी निवडणूकच लढविली नव्हती आणि पुढेही लढविण्याची त्यांची तयारी नव्हती. श्रीप्रकाश यांनी राजाजींना विधान परिषदेवर नामनियुक्त केले आणि सरकार बनविण्याचे निमंत्रण दिले. १० एप्रिल १९५२ रोजी राजाजींचा शपथविधी झाला. ही मागच्या दाराची वाट नेहरूंना रुचली नव्हती. कम्युनिस्ट नेते पी. राममूर्ती यांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

या निर्णयाची दोन अंगे आहेत आणि ती बहुतेक वेळा एकत्र कालविली जातात. पहिले अंग निमंत्रणाचे. आघाडीचा दावा १६६ चा असताना १५२ च्या पक्षाला बोलावणे हा उघड पक्षपात होता, असे तेव्हाही म्हटले गेले आणि अनेक अभ्यासक आजही म्हणतात. प्रस्तुत लेखकाला हे मत सर्वस्वी मान्य होत नाही. प्रकाशम यांची आघाडी निवडणुकीनंतर बांधलेली होती आणि तिच्यातील पक्षांना जोडणारा धागा काँग्रेसविरोधाखेरीज फारसा नव्हता. १९८८ च्या अहवालात सरकारिया आयोगाने निमंत्रणाचा जो अग्रक्रम सुचविला, त्यात निवडणूकपूर्व आघाडीनंतर सर्वांत मोठा एकल पक्ष आणि त्यानंतर निवडणुकोत्तर आघाडी असा क्रम आहे. त्या मापाने पाहिले तर १९५२ चे निमंत्रण नियमात बसते. शिवाय ३ जुलै १९५२ रोजी राजाजींनी २०० विरुद्ध १५१ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. अर्थात हे बहुमत कसे जमले हाही इतिहासच आहे. कॉमनवील पक्षाचे नेते माणिकवेलू नायकर मंत्रिमंडळात आले आणि अन्य लहान गटही क्रमाने वळले. सत्तेची किल्ली हाती आल्यावर बहुमत तयार होते, हे भारतीय राजकारणातील सूत्र येथे प्रथमच स्पष्टपणे सिद्ध झाले.

दुसरे अंग नामनिर्देशनाचे, आणि येथे श्रीप्रकाश यांचा बचाव करणे कठीण आहे. अनुच्छेद १७१ मधील तरतूद साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ व समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी आहे. राजाजी श्रेष्ठ साहित्यिक होते यात शंका नाही. शब्दार्थाने पाहता नियमभंग झाला नाही. परंतु मतदारांसमोर न जाणाऱ्या व्यक्तीला मुख्यमंत्री करण्यासाठी ती जागा वापरणे हा तरतुदीचा हेतू नव्हता. राज्यपालाच्या कारकिर्दीत ज्या मोजक्या प्रसंगी निर्णय खरोखर त्याचा असतो, त्यांपैकी हा एक होता. दिल्लीने आज्ञा केली असे येथे म्हणता येत नाही, कारण दिल्लीतच अस्वस्थता होती. कम्युनिस्टांचा सहभाग असलेले सरकार येऊ नये या भयाने आणि राजाजींवरील आदराने श्रीप्रकाश यांनी हा निर्णय घेतला असावा, असे परिस्थितीवरून दिसते.

या पूर्वोदाहरणाचा पडसाद महाराष्ट्रात अनपेक्षितपणे उमटला. एप्रिल २०२० मध्ये कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसलेले मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक करावी, अशी शिफारस राज्य मंत्रिमंडळाने केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती अमलात आणली नाही. अखेर मे महिन्यात परिषदेची निवडणूक होऊन ठाकरे बिनविरोध निवडून आले. १९५२ मध्ये राज्यपालाने जी वाट मोकळी करून दिली ती २०२० मध्ये राज्यपालाने बंद ठेवली. संविधानातील शब्द दोन्ही वेळी तेच होते.

राजाजी एप्रिल १९५४ मध्ये पायउतार झाले आणि कामराज मुख्यमंत्री झाले. तत्पूर्वी पोट्टी श्रीरामुलु यांच्या आत्मार्पणानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले होते. भाषेच्या आधारावर मोठ्या राज्याचे विभाजन होताना राजभवनात श्रीप्रकाश होते. हा अनुभव घेऊन ते मुंबईस आले.

मुंबई, १९५६ ते १९६२

१० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी मुंबई राज्याची सूत्रे स्वीकारली. विशाल द्विभाषिक जेमतेम चाळीस दिवसांचे होते. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला, तरी विधानसभेच्या ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसकडे राहिल्या. यशवंतराव चव्हाणांचे बहुमत निर्विवाद होते. राज्यपालाच्या विवेकाधिकाराला येथे वाव नव्हता. रस्त्यावर एक महाराष्ट्र होता आणि विधिमंडळात दुसरा, आणि राज्यपालाला अभिभाषण मात्र दुसऱ्याचेच वाचावे लागत होते. सही आणि वाचन यांपलीकडे काम नाही ही त्यांची खंत या वर्षांत अधिक गडद झाली असल्यास आश्चर्य नाही. ३० एप्रिल १९६० च्या मध्यरात्री राजभवनातील सोहळ्यात नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. श्रीप्रकाश हेच नव्या राज्याचे पहिले राज्यपाल म्हणून पुढे राहिले.

या मंगल प्रसंगाच्या सात आठवडे अगोदर मात्र त्यांच्या सहीने एक घटनात्मक वादळ उठविले होते.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर के. एम. नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयातील जूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. (या खटल्यामुळे भारतातील जूरीपद्धती रद्द झाली असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केलेली होती.) ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींच्या बाजूने प्रचंड मोहीम उघडली होती. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी अनुच्छेद १६१ अन्वये आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा तहकूब राहील आणि तोपर्यंत नानावटींनी नौदलाच्या कोठडीत राहावे, असा तो आदेश होता. न्यायालयाने काढलेले वॉरंट बजावले न जाता परत आले.

निकाल आणि त्याला स्थगिती एकाच तारखेची, ही गोष्ट न्यायमूर्तींना आणि वकीलवर्गाला झोंबली. उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या विशेष पीठाने आदेशाची वैधता तपासली आणि तो घटनाबाह्य नसल्याचे मत दिले. पुढे नानावटींनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली तेव्हा तेथील नियम आडवा आला. शिक्षा झालेल्या अपिलकर्त्याने आधी शिक्षेच्या स्वाधीन व्हावे असा तो नियम होता. राज्यपालाच्या आदेशामुळे आपणास त्यातून सूट मिळावी असे नानावटींचे म्हणणे पडले. ५ सप्टेंबर १९६० रोजी घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांच्यासोबत न्या. गजेंद्रगडकर, न्या. सुब्बा राव व न्या. वांछू बहुमतात होते, न्या. कपूर यांनी भिन्न मत नोंदविले. क्षमादानाचा अधिकार व्यापक आहे हे मान्य करून बहुमताने असे ठरविले की, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे विचाराधीन झाल्यानंतर त्या काळापुरती शिक्षा तहकूब ठेवण्याचा अधिकार राज्यपालास नाही. तेवढ्या मर्यादेत आदेश अवैध ठरला. एका राज्यपालाच्या क्षमाविषयक आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने घातलेली ही लगाम पुढील सर्व विधिशिक्षणाचा भाग झाली. तपशील म्हणून नोंदवावे असे की, या निर्णयाच्या शीर्षकात प्रतिवादी ‘मुंबई राज्य’ आहे, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दोषसिद्धी कायम करणाऱ्या अंतिम निर्णयात ‘महाराष्ट्र राज्य’. एकाच खटल्याच्या दोन टप्प्यांदरम्यान राज्याचे नावच बदलले होते.

आता मूळ प्रश्न. आदेश कोणाचा? अनुच्छेद १६३ नुसार राज्यपालाने राज्याच्या मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागावयाचे असते. परंतु नौदलप्रमुखांनी विनंती केल्यावरून आपणच राज्यपालांना तसा सल्ला दिला, असे पंतप्रधान नेहरूंनी जाहीरपणे मान्य केले. नेहरूंच्या स्वभावाशी हा प्रांजळपणा सुसंगत होता. त्यांनी राज्यपालाला टीकेच्या तोंडी एकटे सोडले नाही. परंतु राजकीय दृष्ट्या जे दिलदार होते ते घटनात्मक दृष्ट्या अधिकच अडचणीचे होते. पंतप्रधानांनी राज्यपालाला शिक्षेबाबत सल्ला द्यावा अशी तरतूद संविधानात कोठेही नाही. केंद्राची इच्छा, राज्यपालाची सही आणि राज्य सरकारने न्यायालयात केलेले समर्थन अशी ही तिहेरी रचना होती. न्यायालयासमोर प्रश्न आला तो केवळ अधिकाराच्या व्याप्तीचा. तो अधिकार कोणाच्या मनाने वापरला गेला याची तपासणी कायद्याच्या चौकटीत होऊच शकली नाही. शिलाँगमध्ये ज्या रीतीने काम झाले त्याच रीतीने ते अकरा वर्षांनी मुंबईत झाले होते. फरक एवढाच की, शिलाँगला न्यायालय आडवे आले नव्हते.

निवृत्तीनंतर

१६ एप्रिल १९६२ रोजी श्रीप्रकाश पदमुक्त झाले. त्यांच्यानंतर डॉ. पी. सुब्बरायन आले, त्यांचे त्याच वर्षी निधन झाले आणि विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल झाल्या. १९६४ मध्ये नानावटींना क्षमादान मिळाले ते त्यांच्या कार्यकाळात. त्या वेळी खटला न्यायालयात प्रलंबित नव्हता, त्यामुळे १९६० च्या निर्णयाची आडकाठीही नव्हती.

श्रीप्रकाश यांनी उर्वरित आयुष्य लेखनात घालविले. १९६६ मध्ये भारतातील राज्यपालपदावर त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. तीन राजभवनांत मिळून अकरा वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाने लिहिलेले म्हणून ते मोलाचे आहे. डामडौल खूप आणि काम थोडे, ही त्यांची मुख्य व्यथा. ती खोटी नव्हती. साडेपाच वर्षे मुंबईत राहून त्यांनी असंख्य समारंभांना हजेरी लावली आणि शासनात त्यांना कोणी फारसे विचारले नाही. स्वच्छ चारित्र्याचा, विद्वान, मृदू स्वभावाचा हा गृहस्थ पदाचा कधी स्वार्थासाठी उपयोग करणारा नव्हता.

तथापि या व्यथेतच त्यांच्या कारकिर्दीचे कोडे दडलेले आहे. आपल्याला अधिकार नाही असे मानणारा राज्यपाल आपल्या सहीचेही उत्तरदायित्व स्वतःकडे घेत नाही. मग ती सही कोणाच्याही उपयोगी पडते. १९४९ मध्ये ती पटेलांच्या उपयोगी पडली आणि १९६० मध्ये नेहरूंच्या. ते दोघे मोठ्या उंचीचे नेते होते आणि त्यांचे हेतू राष्ट्रहिताचे होते असे आपण मानतो, म्हणून श्रीप्रकाश यांना कोणी दोष दिला नाही. हीच सवय १९६७ नंतर, केंद्रात एक व राज्यात दुसरा पक्ष असताना, इतर राज्यपालांनी चालू ठेवली तेव्हा मात्र देशभर आक्रोश झाला. साधनशुचितेचा प्रश्न नेत्याच्या उंचीवरून ठरवू नये, हे पहिल्या पिढीला सुचले नाही. कदाचित त्या पिढीतील परस्परविश्वासामुळे सुचण्याची गरजही वाटली नसावी.

१९७४ मध्ये शमशेर सिंह खटल्यात आणि १९८० मध्ये मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालाने मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच वागावे हे तत्त्व, क्षमादानाच्या अधिकारासह, निःसंदिग्धपणे मांडले. ११ मार्च १९६० च्या आदेशामागील सल्ला पंतप्रधानांचा होता की राज्य मंत्रिमंडळाचा, हा प्रश्न या निर्णयांनंतर विचारला गेला असता तर त्याचे उत्तर द्यावेच लागले असते. पण तोपर्यंत श्रीप्रकाश हयात नव्हते. २३ जून १९७१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते.